घुमट आरतीचं मिक्सिंग करताना कान थकतात

प्रश्न (फोंडा): चवथीसाठी गोव्यातल्या घुमट आरतीचं मिक्सिंग (रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा मेळ बसवणं) चालू आहे. घुमटं (मातीच्या मडक्याची चर्मवाद्यं), शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य), कासाळे (मोठ्या झांजा), कोरस. दोनेक तासांनी कासाळे बोथट वाटतात म्हणून ट्रेबल (वरच्या पट्टीचा आवाज) वाढवतो. सकाळी तेच कानाला टोचतात. काय करावं?

उत्तर (म्हापसा): कान २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये सर्वांत संवेदनशील. कासाळ्यांचा जोर तिथे आणि त्याच्या वरच, म्हणून कान तिथेच आधी मंदावतो. ऐकायच्या आवाजाची पातळी बांधून घ्या. सॉफ्टवेअरमधून −२० डीबीएफएस आरएमएस (सरासरी पातळी) पिंक नॉइज (चाचणीचा एकसारखा खळखळाट) एकेका स्पीकरमधून वाजवा, आवाज मोजायचा मीटर बसायच्या जागी, त्याची सेटिंग सी-वेटिंग, स्लो. लहान खोलीत ७३ ते ७६ डेसिबल भरतील तिथे आवाजाच्या नॉबवर खूण करा. त्यानंतर नॉबला हात नको. मोठ्याने ऐकायचंच तर शेवटी, मिनिटभर.

उत्तर (डिचोली): शिवाय ४५ मिनिटांनी १० मिनिटं पूर्ण शांतता, मोबाइलवर गाणीही नकोत. कासाळे सोलो करून (एकटेच ऐकत) घोळवू नका. दोन तासांनंतर ईक्यू (ट्रेबल-बेसचं नियंत्रण) वाढवणं बंद, फक्त एडिटिंग. बदल तपासताना बायपासची (बदल बंद करून ऐकलेल्या आवाजाची) पातळी समान ठेवा, नाहीतर मोठं तेच छान वाटतं.

प्रश्नकर्ता: कौलांवर पाऊस असला की हेडफोन लावतो. चालेल?

उत्तर (म्हापसा): पाऊस झाकायला आवाज वाढतो, तिथेच घात होतो. उघड्या पाठीचा हेडफोन तर तेव्हा नकोच, त्यातून बाहेरचा आवाज आत येतो. त्या वेळात टेक (एकाच भागाची वेगवेगळी रेकॉर्डिंग) निवडा, फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) लावा. वाद्यांच्या आवाजाचा तोल उघडीप झाल्यावर. कानात शिट्टी वाजू लागली तर त्या दिवशी काम थांबवा.