वरच्या दुधावरचं करडू: तुमच्याकडं काय म्हणतात आणि जगवायचं कसं?

माळरान
उस्मानाबादी शेळी काल रात्री तिळं व्याली. दोन करडं धडधाकट आहेत, तिसरं जेमतेम दीड किलोचं. शेळीला सड दोनच, त्यामुळं हे कासेला लागलं की बाकीची दोघं ढकलून देतात. त्याला बाटलीवर घ्यायचं ठरवलंय. किती, कुठलं आणि किती वेळा पाजायचं?

दुसरं म्हणजे करडू, कोकरू, रेडकू, शिंगरू हे शब्द आपल्याकडं आहेत, पण आईविना हातावर वाढवलेल्या पिलाला वेगळा शब्द ऐकलेला नाही. ऑस्ट्रेलियात अशा वासराला ‘पॉडी’ म्हणतात, इंग्लंडच्या खेड्यांत अशा कोकराला ‘केड’. तुमच्या भागात काही नाव आहे का?

गोठाघर
नावाचं नंतर बघू, आधी चीक पाजा. करडाला पोटात असताना आईकडून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती सगळी चिकातून येते. आणि चिकातली ही शक्ती शोषून घेण्याची आतड्याची ताकद तासागणिक कमी होत जाते, 24 तासांनंतर ती जवळपास संपते. वजनाच्या किलोमागं एका वेळी 50 मिली धरा, म्हणजे तुमच्या करडाला 75 मिली. पहिल्या दिवसात असं निदान तीनदा. पहिली वेळ खरं तर जन्मल्यावर तासा-दोन तासांत व्हायला हवी होती, म्हणून आता थांबू नका. त्याच शेळीचा काढून घेतलेला चीक सगळ्यात उत्तम. तो नसला तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या शेळीचा, तोही नसला तर गाईचा.

चीक साठवणीतला असेल तर चुलीवर गरम करू नका. खरवस होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्या उष्णतेनं त्यातली संरक्षक प्रथिनंही वाया जातात. बाटली कोमट पाण्यात धरून ठेवा, अंगाइतकी ऊब आली की पुरे.

पाजण्याआधी करडाच्या तोंडात बोट घालून बघा. जीभ गार लागली तर थेंबसुद्धा पाजायचा नाही. गारठलेलं पिलू नीट गिळत नाही आणि पाजलेलं पचवतही नाही. आधी गोणपाटात गुंडाळा, गरम पाण्याच्या बाटल्या कापडात बांधून बाजूला ठेवा, अंगात ऊब आली की मग पाजा. नाळेला टिंक्चर आयोडीन लावलं नसेल तर आत्ताच लावा.

दुसऱ्या दिवसापासून वजनाच्या 15 टक्क्यांच्या आसपास दूध, म्हणजे सव्वादोनशे मिली, ते पाच वेळात विभागून. वजन वाढेल तसं वाढवा. तीन आठवड्यांनी तीन वेळा पुरतं. गाईचं दूध चालतं. म्हशीच्या दुधात स्निग्धांश 7 टक्क्यांच्या घरात असतो, शेळीच्या 4 टक्क्यांच्या आसपास. म्हणून म्हशीचं देणार असाल तर एका वेळचं प्रमाण कमी ठेवा. दूध मध्येच बदलायचं झालं तर चार-पाच दिवसांत हळूहळू बदला.

वाघूर
नावाबद्दल सांगतो. आमच्याकडं ‘वरच्या दुधावरचं’ किंवा ‘बाटलीवरचं’ असंच म्हणतात, एका शब्दात नाव नाही. आपले शब्द जात, वय आणि नर-मादी यांवरून पडलेत: करडू मोठं झालं की पाठ नाहीतर बोकड, वासराचं कालवड नाहीतर गोऱ्हा, पुढं खोंड, रेडकाची वगार नाहीतर टोणगा. दूध कोण पाजतं यावरून नाव पडत नाही, कारण बाटलीआधी लोक दुसरी आईच शोधायचे. मेंढरांच्या कळपात चार शेळ्या असतात त्या घरच्या दुधासाठी, पण आई मेलेल्या कोकरालाही त्याच कामी येतात.

तुमच्या भागात नुकतीच व्यालेली, एकच करडू असलेली शेळी असेल तर बाटलीआधी तिला लावून बघा. शेळी पिलाला वासावरून ओळखते, आणि ही ओळख व्याल्यावर पहिल्या काही तासांतच पक्की होते. म्हणून ती वितानाच हजर राहायचं. तिच्या पोटातून आलेलं पाणी परक्या करडाच्या पाठीला, डोक्याला आणि खास करून शेपटीखाली चोळायचं. शेळी तिथंच हुंगून खात्री करते. तिचं स्वतःचं करडू मेलं असेल तर त्याचं कातडं दोन-तीन दिवस याच्या अंगावर बांधतात. लाथ मारली तर दावं आखूड करून दिवसातून चार-पाच वेळा पाजून घ्यायचं. एक-दोन दिवस उलटून गेलेल्या शेळीला मात्र सहसा फसवता येत नाही.

माळरान
शेजारच्या वस्तीवर अशी शेळी नाही. बाटली सुरू केली, पण पाजताना नाकातून दूध येतंय आणि ठसका लागतोय.

गोठाघर
निपलचं भोक मोठं आहे. बाटली उलटी धरली तर थेंब थेंब पडायला हवं, धार नको. करडू चार पायांवर उभं हवं, मान किंचित वर, आईच्या कासेशी असते तेवढीच. मांडीवर उताणं घेऊन पाजू नका. चोखताना अन्ननलिकेच्या टोकाला एक पन्हाळ मिटते आणि दूध थेट चौथ्या पोटात जातं. ओतलं तर ते पहिल्या पोटात पडून आंबतं, नाहीतर फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. बांबूच्या नळीनं पाजायला म्हणूनच माझा ठाम विरोध आहे. आता नाकातून दूध आलेलं आहे, त्यामुळं श्वास जलद झाला, खरखर ऐकू आली किंवा ताप दिसला तर डॉक्टरला बोलवायला उशीर करू नका.

हगवण लागली तर दूध पूर्ण बंद करू नका, प्रमाण थोडं कमी करा. दोन वेळांच्या मध्ये मीठ-साखरेचं पाणी द्या: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. ते दुधात मिसळायचं नाही. रक्त दिसलं तर घरगुती उपाय थांबवा, शेण तपासून घ्या.

पूर्णाकाठ
वऱ्हाडात कालवडीला कारवड म्हणतो, बाटलीवरच्याला वेगळं नाव आमच्याकडंही नाही. कोणी रेडकू असं वाढवत असेल तर एक जोडतो: म्हशीच्या पारड्यांना जंत आईच्या चिकातून-दुधातूनच जातात. म्हणून 10 ते 14 दिवसांत डॉक्टरकडून पायपेराझिनचा पहिला डोस द्या. मातकट, घाण वासाची हगवण आणि ढब्बू पोट दिसेपर्यंत वाट पाहिली तर पारडू हातचं जातं.

खाडीपलीकडे
आमच्याकडे गायीच्या पिल्लाक पाडो, मादीक पाडी. बाटलीयेचो शब्द आमच्याकडेय नाय.

वाघूर
दुसऱ्या आठवड्यापासून शेवरीचा कोवळा पाला आणि मक्याचा भरडा पुढं टांगून ठेवा, स्वच्छ पाणीही. खायला लागलं तरच पहिलं पोट वाढतं. दोन-अडीच महिन्यांनी रोज मूठ-दोन मूठ भरडा संपवायला आणि निवांत रवंथ करायला लागलं की दूध आठवडाभरात कमी करत तोडा.

आणि बाटलीवरचा नर असेल तर कपाळाला हात लावून ढुशीचा खेळ कधीच खेळू नका. त्याला माणसाची भीती नसते, वर्षाचा झाल्यावर तो लहान पोरांना आडवं पाडतो. पैदाशीला ठेवायचा नसेल तर तीन महिन्यांच्या सुमारास चिमट्यानं खच्ची करून घ्या. ठेवायचा असेल तर त्याच वयात पाठींपासून वेगळा बांधा, कारण चौथ्या महिन्यात तो पाठी गाभण करू शकतो.