भाषेचा अभ्यासक्रम वर्षात बसतच नाहीये, १४ आठवड्यांत ३७ धडे झालेत

पाटीवरची_आई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज विचारायची वेळ आलीच. मुलगा ९ वर्षांचा, घरीच शिकतो, हे आमचं दुसरं वर्ष. गणित, विज्ञान ठीक चाललंय पण भाषेचं गाडं रुतलंय. मराठीचा तयार असा वर्षभराचा होमस्कूल अभ्यासक्रम मला मनासारखा मिळाला नाही म्हणून मी एका इंग्रजी पुस्तकाचा आराखडा घेतला आणि त्या साच्यात मराठी मजकूर बसवला, सुट्टीत दीड महिना बसून केलंय हो हे सगळं, फाईल बघून नवरा पण म्हणाला की शाळा काढतेस की काय.

आराखडा असा: ३६ आठवडे, आठवड्याला ४ धडे, एकूण १४४. पहिला धडा शब्दयादी (२० नवीन शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग, शेवटी चाचणी), दुसरा व्याकरण, तिसरा वाचन आणि प्रश्नोत्तरं, चौथा लेखन. दर सहावा आठवडा उजळणीचा. कागदावर इतकं सुंदर दिसतं ना.

आता १४ आठवडे झाले. ५६ धडे व्हायला हवे होते, झालेत ३७. म्हणजे राहिले १०७ आणि आठवडे उरले २२, भागाकार केला तर आठवड्याला जवळजवळ ५ धडे येतात आणि आमच्याच्याने आत्ता ३ पण होत नाहीत. शब्दयादीला दोन-दोन दिवस जातात, लेखनाला बसवलं की तीन ओळी लिहून पेन्सिलीला टोक करत बसतो. मग मी चिडते, मग तो रडतो, मग त्या दिवशी काहीच होत नाही.

शनिवार-रविवार पण चालू करू का? की पुढचे धडे गाळू? गाळायचे तर कुठले, मला तर सगळेच महत्त्वाचे वाटतात (मीच बनवलेत म्हणून असेल).

---

निवांत_बाबा

शनिवार-रविवार अजिबात चालू करू नका. आम्ही करून बघितलंय, दोन आठवडे चाललं आणि तिसऱ्या आठवड्यात सोमवार ते शुक्रवार पण बंद पडलं.

बाकी ३६ आठवडे हे काही आकाशातून पडलेलं नाही. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत शाळेचं वर्ष साधारण १८० दिवसांचं असतं, आठवड्याचे ५ दिवस धरून ३६ आठवडे, म्हणून तिकडची पुस्तकं त्या मापात शिवलेली असतात. तुमच्या घराचं माप तेच असेल असं काही नाही. ४२ आठवडे लागले तर लागले, कोण बघतंय.

---

दोन_पोरांची_माय

बाबा म्हणतात ते ठीक पण "कोण बघतंय" म्हणून म्हणून आमच्या मोठीचं एका वर्षाचं व्याकरण दोन वर्षं चाललं आणि नंतर तिलाच कंटाळा आला, की अजून तेच पुस्तक? मुलांना पण वही संपल्याचा आनंद हवा असतो. त्यामुळे नुसतं लांबवू नका, आधी बघा की त्यात खरंच काय करण्यासारखं आहे.

आणि गाळण्याबद्दल, मधलेच कुठलेतरी गाळू नका. व्याकरणात एक दुसऱ्यावर उभं असतं. नाम आणि लिंग-वचन कच्चं राहिलं की विभक्तीला घसरगुंडी.

---

रफार

ताई, तुमचा प्रश्न वेगाचा नाहीये, साच्याचा आहे. जरा लांब लिहितो, सवय आहे, २० वर्षं भाषा शिकवली आहे.

इंग्रजी पुस्तकात दर आठवड्याला २० शब्दांची यादी का असते? कारण तिथे उच्चार एक आणि लिहायचं भलतंच, एकच अक्षरांचा गट चार शब्दांत चार तऱ्हेने वाचला जातो, त्यामुळे खूप शब्द सुटे सुटे पाठ करावे लागतात. मराठीत तसं नाही. आपली लिपी बरीचशी उच्चाराप्रमाणे चालते, नऊ वर्षांचं मूल जे नीट ऐकतं त्यातलं बहुतेक बरोबरच लिहितं. आता तुमच्या मुलाची शब्दयादीची वही उघडा आणि चुका फक्त मोजू नका, कुठे आहेत ते बघा. पैज लावतो, निम्म्याहून जास्त चुका ऱ्हस्व-दीर्घाच्या असतील, मग जोडाक्षरं आणि रफार, आणि थोडे न-ण, श-ष. म्हणजे चुका शंभर दिसल्या तरी जागा चार-पाचच. त्या चार-पाच जागांसाठी वर्षाला ३६ याद्या कशाला?

त्यातली सगळ्यात मोठी जागा म्हणजे सामान्यरूप, ला-ने-ना लागताना शब्दाचं जे रूप बदलतं ते. फूल लिहिताना फू दीर्घ, पण फुलाला म्हटलं की ऱ्हस्व. मूल-मुलाने, बहीण-बहिणीला, वडील-वडिलांनी, गरीब-गरिबांना. मूल "फूलाला" लिहितं ते निष्काळजीपणाने नाही, त्याने फूल हा शब्द पाठ केलाय आणि पुढे ला जोडलाय, त्याच्या हिशोबाने बरोबरच आहे! यादी पाठ करून ही चूक जात नाही, उलट पक्की होते, कारण यादीत शब्द नेहमी सुटा असतो, ला-ने-ना लावलेला कधीच नसतो. (संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द हा नियम पाळत नाहीत, शरीर-शरीराला, परीक्षा-परीक्षेत. ते एवढ्यात काढूच नका.)

शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४ असे मिळून १८ आहेत, त्यातले या वयाला रोज लागणारे पाच-सहा.

म्हणून माझं म्हणणं, शब्दयादी पूर्ण बंद. त्याऐवजी रोज १० मिनिटं श्रुतलेखन, चारच वाक्यं, एका आठवड्यात एकच जागा पकडायची. आणि ती जागा नंतर परत आली पाहिजे, तीन दिवसांनी, दोन आठवड्यांनी, महिन्याने. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरतं, आणि तीच मेहनत दिवसांमध्ये विभागली तर कमी कष्टात लक्षात राहतं. तुमचा वेगळा उजळणीचा आठवडा त्यामुळे लागतच नाही, उजळणी रोजच्या चार वाक्यांत होऊन जाते.

आता आकडे. तुमचे १०७ उरलेत, त्यात १२, १८, २४, ३० आणि ३६ हे पाच आठवडे उजळणीचे म्हणजे २० धडे. राहिले ८७. त्यातल्या शब्दयाद्या २१ (दहाव्या आठवड्याची तुमची झालीये). राहिले ६६. व्याकरण २२, वाचन २२, लेखन २२. आणि आठवडे किती उरलेत? २२.

तुम्ही आत्ता आठवड्याला २.६ च्या वेगाने चाललाच आहात, तेही याद्या ओढत. ३ सहज होतील.

---

पाटीवरची_आई

रफार सर, मी वही उघडली. शेवटच्या चार याद्यांमध्ये मिळून ३१ चुका, त्यातल्या २२ ऱ्हस्व-दीर्घ. आणि तुम्ही म्हणालात तेच, सुटा शब्द यादीत बरोबर, खाली वाक्यात उपयोगात चूक. "बहीणीने फूलाला पाणी घातले." हे वाक्य अक्षरशः आहे वहीत. मी त्याला लाल पेनने गोल करून दोन्ही शब्द पाच-पाच वेळा लिहायला लावलं होतं, आणि ते मी त्याला बहीण आणि फूल असे सुटे लिहायला लावले होते. आता हसू की रडू.

एक कबुली पण देते. मूळ पुस्तकात कॅपिटल लेटरचे ३ धडे होते व्याकरणात, मराठीत त्या जागी काय टाकायचं कळेना म्हणून मी "विशेषनामांचा संग्रह" असं काहीतरी भरलंय. आणि ए-अॅन-द च्या जागी पण भरतीच.

---

रफार

😄 तर मग ते उडवा, तेवढीच मोकळी जागा झाली. आजारपण, पाहुणे, कंटाळा यांना कुठेतरी बसवायला लागतंच ना. तीन-चार आठवडे कोरे ठेवल्याशिवाय कुठलंच वर्षाचं नियोजन तगत नाही.

---

खडूची_धूळ

सगळे स्पेलिंगवरच बोलताय पण मला त्या तीन ओळी आणि पेन्सिलीचं टोक जास्त खटकलं. ताई, तो तोंडी किती सांगतो?

---

पाटीवरची_आई

तोंडी?? तोंडी तर थांबतच नाही. काल वाचलेली गोष्ट सांगायला लागला तर वीस मिनिटं, मध्ये स्वतःची पात्रं पण घुसडली.

---

खडूची_धूळ

मग त्याला लेखन येतंय, हात येत नाहीये. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण एकाच धड्यात दोन्ही मागतो. या वयात काय सांगायचं ते ठरवणं, वाक्य जुळवणं, अक्षर काढणं, ऱ्हस्व-दीर्घ आठवणं हे सगळं एका वेळी डोक्यात धरायचं म्हणजे फार होतं. मग मूल काय करतं, वाक्यच छोटं करतं. "मला पाऊस आवडतो. पाऊस छान असतो." संपलं.

आम्ही असं करतो. पहिल्या दिवशी तो सांगणार, मी शब्दन् शब्द लिहून घेणार, मध्ये सुधारायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला त्याचंच बोलणं वाचायला देते, दोन वाक्यं तो स्वतः बदलतो. तिसऱ्या दिवशी त्यातल्या पाच-सहाच ओळी तो स्वच्छ उतरवतो. सांगून घेण्याची ही पद्धत जुनी आहे, शार्लट मेसन म्हणून ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ होत्या (१८४२ ते १९२३), त्यांचा यावरच भर होता, मुलाने एकदा ऐकायचं आणि आपल्या शब्दांत सांगायचं. आणि धडे छोटे, लहान मुलांना १५-२० मिनिटांच्या वर नाहीच. तुमचा एक धडा किती वेळाचा आहे?

---

पाटीवरची_आई

४५ मिनिटं धरलाय. होतो सव्वा तास.

---

खडूची_धूळ

बाई गं.

---

दोन_पोरांची_माय

४५ मिनिटं मला पण नाही बसवत एका जागी 🙈

आता मी पण थोडं बदलते माझं म्हणणं. याद्या सोडल्या तर क्रम बिघडत नाही, व्याकरण तुमचं ओळीने चालूच राहील, त्यामुळे चालेल. पण एक सांगते, सध्या तुमचं सगळं एका रांगेत उभं आहे. यादी झाल्याशिवाय व्याकरण नाही, व्याकरण झाल्याशिवाय वाचन नाही. यादी दोन दिवस अडली की मागचं सगळं अडलं, आणि त्यात बिचाऱ्या वाचनाचा काहीच दोष नाही. तीन वेगळ्या रांगा करा. वाचनाची वाचनाच्या वेगाने जाईल, त्याला आवडतंय तर एका आठवड्यात दोन होतील. व्याकरणाची अडली तर अडू दे.

आणि तारखा आधी टाकू नका हो. मी धड्यापुढे चौकोन ठेवते, धडा झाला की त्यात तारीख लिहायची. आधी तारीख टाकली की रोज आपण मागे असतो, झाल्यावर टाकली की रोज काहीतरी झालेलं दिसतं. कागद तोच.

---

निवांत_बाबा

यात एक भर. मोठ्याने वाचून दाखवणं सोडू नका, ते धड्यात मोजत नाहीत म्हणून घाईच्या वर्षात पहिलं तेच सुटतं. गॉफ आणि टनमर या दोघांनी १९८६ मध्ये वाचनाचं साधं सूत्र मांडलं होतं, वाचून समजणं म्हणजे अक्षर उलगडणं गुणिले ऐकून भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. म्हणजे एक बाजू शून्य असली तर दुसरी कितीही असू दे, उत्तर शून्य. तुमच्या पोराची ऐकायची-बोलायची बाजू तगडी दिसतेय, ती वाढत राहू दे, रात्री झोपताना पंधरा मिनिटं, प्रश्नोत्तरं न विचारता. प्रश्न विचारायला लागलात की तो पण धडाच झाला.

---

पाटीवरची_आई

तीन आठवडे झाले, सांगायला आले.

याद्या बंद. रोज चार वाक्यं श्रुतलेखन, पहिले दोन आठवडे फक्त सामान्यरूप. पहिल्या दिवशी सहा चुका, काल एक (वडीलांनी, सवयीने). त्याला ते कोड्यासारखं वाटतंय, आता मलाच विचारतो, "आई, लाकूडचं लाकूडाला का नाही, लाकडाला का?" मला पटकन उत्तर आलं नाही, सांगितलं उद्या बघू. रफार सर, यावर एक ओळ लिहाच.

धडा २० मिनिटांचा, टायमर लावून. व्याकरण ३ झाले, लेखन ३, आणि वाचन ५! वाचनाची रांग पुढे पळतेय, मी आपली मागे मागे. लेखनाचं मात्र अजून पूर्ण जमलेलं नाही, सांगतो भरपूर पण उतरवायच्या दिवशी परत टोक करणं सुरू. मी सहा ओळींच्या चार केल्यात सध्या.

एकच अडचण उरलीये. मी उरलेल्या २१ याद्यांच्या वह्या आधीच आखून, वर शब्द लिहून, बाइंडिंग करून ठेवल्यात. चारशे वीस शब्द. रंगीत पेनने.

---

रफार

लाकूड तीन अक्षरी आहे आणि पहिलं अक्षर दीर्घ आहे (बहीण, गरीब मध्ये ते ऱ्हस्व आहे), म्हणून मधला ऊ तिथे ऱ्हस्व न होता सरळ अ होतो, लाकूड-लाकडाला, तसंच पाऊल-पावलाला बघा, तिथे तर ऊ चा व झाला. पाऊल आत्ता नका दाखवू त्याला, लाकूड-लाकडाला, कापूस-कापसाला, माणूस-माणसाला एवढीच जोडी द्या आणि नियम त्यालाच शोधू द्या. आठवडा गेला तरी चालेल.

वह्यांच्या मागच्या बाजू कोऱ्या असतील ना? श्रुतलेखन त्यावर घ्या.

---

पाटीवरची_आई

आहेत कोऱ्या! 😅