मदत हवी आहे : आईचं पोट सतत फुगलेलं, मळमळ, आणि अन्नावरची वासनाच उडाली आहे

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर कोणी काय सांगणार?

आई ५८ वर्षांची आहे. टाइप २ मधुमेह जुना, मेटफॉर्मिन कित्येक वर्षं चालू, डोस बदललेला नाही. गुडघे दुखले की अधूनमधून वेदनाशामक गोळी घेते. दोन-तीन महिन्यांपासून चार घास खाल्ले की तिचं पोट गच्च होतं. चमचा खाली ठेवते, बरगड्यांच्या खाली हात दाबून धरते आणि म्हणते, "झालं माझं." आग्रह केला की मळमळतं, उलटी क्वचितच होते. जेवायची वेळ टळून गेली तरी भूक लागत नाही. चवीनं खाणारी बाई आता ताटाकडे बघायलाही नको म्हणते.

छातीत जळजळ नाही, गिळायला त्रास नाही, ताप नाही. शौचाला रोज होतं पण साफ झाल्यासारखं वाटत नाही. रंग काळा नाही, रक्त दिसलेलं नाही.

नेहमीच्या डॉक्टरांनी आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या, फरक पडला नाही म्हणून त्याच पुन्हा लिहून दिल्या. गेल्या खेपेला म्हणाले, "गॅसेस आहेत, या वयात होतं, मन कशात तरी गुंतवा." तपासणी एकही सांगितली नाही. मला हे अजिबात पटलेलं नाही. तिचं वजन ६३ किलोवरून ५९ वर आलंय, तेही काही न करता. मनगटावरचं घड्याळ सैल होऊन वर सरकतं आणि त्याच वेळी कपडे कमरेला घट्ट होतात. माणूस बारीक होतोय आणि पोट वाढतंय, हे नुसत्या गॅसने होतं का?

मेटफॉर्मिनने मळमळ होते हे माहीत आहे, पण इतक्या वर्षांनी अचानक? मधुमेहात जठर रिकामं व्हायला वेळ लागतो म्हणतात, ते हेच असेल का? आधी कोणाला दाखवावं आणि कोणत्या तपासण्या मागाव्यात? कृपया घरगुती उपाय नकोत, ओवा-हिंग सगळं करून झालं आहे.

प्रतिसाद

ताई, मला बरीच वर्षं असंच होतं, त्याला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात. थोडं खाल्लं की पोट भरतं, जेवणानंतर तासन्‌तास जड वाटतं आणि एंडोस्कोपीत काहीच सापडत नाही. जठराचा वरचा भाग जेवताना सैल व्हायला हवा, तो नीट होत नाही, आणि तिथल्या नसाही जास्त संवेदनशील झालेल्या असतात. त्रास खरा असतो, मनाचे खेळ नव्हेत. पण हे निदान बाकीचं सगळं तपासून झाल्यावर करायचं असतं. माझं वजन कधी उतरलं नव्हतं. तुमच्या आईंचं उतरतंय, त्यामुळे माझ्या अनुभवावरून निर्धास्त होऊ नका.

प्रतिसाद

मी डॉक्टर आहे. आईंना न तपासता निदान सांगणार नाही, पण काय आणि का तपासायचं ते सांगतो.

घड्याळ सैल आणि कंबर घट्ट, हे डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. गॅसने पोट दिवसभरात कमी-जास्त होतं, सकाळी बहुधा हलकं असतं. आईंचं सकाळीही तेवढंच असेल, तर पोटात पाणी साठलंय का किंवा गाठ आहे का, हे आधी बघायचं. त्यासाठी पोट आणि ओटीपोट, दोन्हींची सोनोग्राफी हवी. चिठ्ठीवर ओटीपोटाचा उल्लेख आहे ना, ते बघून घ्या.

ओटीपोट अशासाठी, की पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली आणि न हटणारी पोटफुगी, लवकर पोट भरणं, ओटीपोटात दुखणं आणि वारंवार लघवीला लागणं ही अंडाशयाच्या कर्करोगाचीही लक्षणं असतात. ती इतकी साधी वाटतात की पोटाचा विकार समजून वेळ जातो. सोबत सीए-१२५ ही रक्तचाचणी करतात. तो आकडा इतर आजारांतही वाढतो, म्हणून एकट्या आकड्यावर घाबरायचंही नाही आणि निश्चिंतही व्हायचं नाही. बहुतेक पोटफुगी कर्करोगाची नसते. पण आईंच्या बाबतीत हे नाही याची खात्री आधी करायची.

दुसरं, एंडोस्कोपी. ५५ च्या पुढे अपचन आणि वजनातली घट एकत्र असेल तर ती लांबवू नये. वेदनाशामक गोळ्यांनी अल्सर होतो आणि कधीकधी दुखतही नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी त्याच वेळी होते. मात्र आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जंतू असूनही अहवाल नकारार्थी येऊ शकतो. साधारण दोन आठवडे आधी त्या थांबवतात, पण डॉक्टरांना विचारूनच.

रक्तात हिमोग्लोबिन, यकृत, मूत्रपिंड, कॅल्शियम, थायरॉइड आणि तीन महिन्यांची साखर बघावी. मूत्रपिंड कमी काम करू लागलं की मळमळ आणि भूक मरणं हीच सुरुवात असू शकते, आणि तेव्हा मेटफॉर्मिनचा डोसही बदलावा लागतो. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, तेही बघा.

जठर मंदावण्याची शंका रास्त आहे. त्यासाठी खास जेवण देऊन चार तास स्कॅन करतात. चार तासांनी १० टक्क्यांहून जास्त अन्न उरलं तर जठर मंद. पण आत अडथळा नाही हे एंडोस्कोपीने आधी ठरवावं लागतं, म्हणून ही तपासणी नंतरची. पोटविकारतज्ज्ञांकडे याच आठवड्यात जा. स्त्रीरोगतज्ज्ञांची गरज सोनोग्राफीवरून कळेल.

धागाकर्ती

डॉक्टर, मनापासून आभार. आईला लगेच विचारलं. पोट सकाळीही तेवढंच असतं, आणि रात्री तीन-चारदा लघवीला उठते. साखरेमुळे असेल म्हणून ती बोललीच नव्हती. पोटविकारतज्ज्ञांची उद्याची वेळ मिळाली आहे. गोळ्यांची सगळी पाकिटं आणि वजनाच्या नोंदी बरोबर नेते. तोवर तिला खायला कसं द्यायचं?

प्रतिसाद

मीच, डॉक्टर. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा द्या. तेल-तूप कमी, कारण स्निग्ध पदार्थांनी जठर आणखी सावकाश रिकामं होतं. घन जात नसेल तर पातळ द्या. खाल्ल्यावर लगेच आडवं होऊ देऊ नका. वेदनाशामक गोळी सध्या बंद. मधुमेहाची औषधं मनाने बंद करू नका, पण खाणं इतकं कमी झालंय तर घरी साखर मोजत राहा आणि मेटफॉर्मिनसोबत दुसरी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर आजच फोन करून डोस विचारा. उलट्या थांबेनात, पाणीही ठरेना, शौच डांबरासारखं काळं झालं, उलटीत रक्त दिसलं किंवा पोट दुखून कडक झालं, तर उद्याची वाट न बघता थेट तातडीच्या विभागात न्या.