शाळेची बास्केटबॉल टीम: तुमच्या वेळी किती जण होतात?

रिबाउंड_नागपूर
परवा धाकट्याच्या दाखल्यासाठी माझ्या जुन्या शाळेत गेलो होतो. मागचं ग्राउंड बघितल्याशिवाय पाय निघेना. दोन्ही खांब उभे आहेत अजून. एका बोर्डाचं प्लायवूड पावसानं फुगून पापुद्रे सुटलेत, रिंग पुढे झुकलीय, जाळीचा पत्ता नाही. आणि रिंगखाली, जिथे आम्ही दर शनिवारी डबक्यात कालवलेला चुना हातानं ओढायचो, तिथे स्कूल व्हॅन लावलेल्या. एका व्हॅनच्या चाकापाशी फ्री थ्रोची रेषा वीतभर दिसते. पंचवीस वर्षांनी! मी तिथेच उभा राहिलो थोडा वेळ.

आठवीत आम्ही बावीस जण होतो. टीम बाराची. यादी लागायची त्या दिवशी दहा जणांच्या घरी कुणी जेवायचं नाही. आताचे क्रीडाशिक्षक म्हणाले, यंदा १७ वर्षांखालची टीम पाठवताच आली नाही. सातवी-आठवीत वीस पोरं येतात, नववीच्या जूनमध्ये पाच उरतात. पाचातला एक आजारी पडला की झालं.

पोरांना खेळ आवडत नाही, हे मला पटत नाही. व्हॅनची वाट बघणारी दोन पोरं माझ्यासमोर पाण्याची बाटली रिंगमध्ये टाकत होती. एकाची गेली तर दुसऱ्यानं त्याला उचललंच. मग हा खेळ सुटतो कुठे? तुमचा कुठे सुटला, लिहा.

पाच_फूट_एक
नववी. प्रॅक्टिस पाच ते साडेसहा, क्लास साडेपाच ते साडेसात. मी पॉइंट गार्ड होते. बूट धाकट्या बहिणीला दिले.

तर्री_पोहा
काय आठवण काढली भाऊ! सकाळी सहाची प्रॅक्टिस, मग सगळे मिळून पोहे, वरून तर्री, आणि घामेजल्या बनियनवर थेट पहिल्या तासाला. गणिताच्या बाई खिडक्या उघडायला लावायच्या. आमच्यातले तिघं आजही रोज बोलतात एकमेकांशी. बाकी कुठल्या वर्गमित्राचा नंबरही नाही माझ्याकडे.

खडू_आणि_शिट्टी
मी लातूर विभागात क्रीडाशिक्षक आहे, उभ्या उभ्या लिहितोय, चुका समजून घ्या.

नववी हेच उत्तर आहे, पण नुसता क्लासला दोष देऊ नका. पी.टी.चा तास वेळापत्रकात असतो, दिवाळीनंतर तो बीजगणिताकडे जातो. मीच एकटा शिक्षक, निवडणुकीचं काम माझ्याकडे, गॅदरिंग माझ्याकडे. बास्केटबॉलला मैदान सिमेंटचं लागतं, रिंग पक्की लागते. खो-खोला दोन खांब रोवले की झालं, कबड्डीला तेवढंही नाही. म्हणून पैसे कमी पडले की पहिली कात्री बास्केटबॉलला.

मुलींचं तर विचारूच नका. मुलांचा बॉल ७ नंबर, मुलींचा ६. शाळा एकच घेते, ७. आठवीतली पोरगी त्या बॉलनं ड्रिबल करायला जाते, हातात मावत नाही, बोट मुरगळतं, दुसऱ्या दिवशी आई चिठ्ठी पाठवते. पोरीला वाटतं आपल्याला येत नाही. मी गेल्या वर्षी स्वतःच्या पैशानं ६ नंबरचे दोन बॉल आणले. चार मुलींच्या अकरा झाल्या. दोन बॉलनी!

आणि दहावीच्या वर्षी पालक येतात, सवलतीचे गुण मिळतील म्हणून नाव तेवढं टाका म्हणतात. दोन वर्षं मैदानावर न आलेल्या पोराचं नाव मी टाकत नाही. त्यावरून बोलणी खाल्लीत. तरी टाकत नाही.

रिबाउंड_नागपूर
सर, नमस्कार तुम्हाला. ६ नंबरचं माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या मुली आमच्याच बॉलनं खेळायच्या.

पाच_फूट_एक
सर, आमच्याकडेही एकच बॉल होता. उजव्या हाताचं मधलं बोट अजून वाकडं आहे. आज कळलं का ते.

मस्तान_तलाव
आम्ही नागपाड्याचे. भारताचे कर्णधार आणि अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुंतसिर आमच्याच वस्तीतले. एका खोलीत आठ माणसं राहायची, त्यामुळे पोरगं रात्री कोर्टावर असलेलं घरालाही बरं वाटायचं. दिव्याखाली मॅच चालायची, बाहेर चहावाले, म्हातारे, सगळे फाउलवरून भांडायचे. कोर्ट घराच्या वाटेवर होतं, हे सगळ्यात मोठं. आता आम्ही मीरा रोडला. मुलाला कोर्टावर न्यायचं तर रिक्षा, येता-जाता सव्वा तास, आणि बरोबर मोठं माणूस. कोण नेणार रोज?

तर्री_पोहा
मीरा रोडला कुठे राहता? माझा साडू तिकडेच आहे, स्टेशनच्या पूर्वेला.

मस्तान_तलाव
पूर्वेलाच! व्यनि करा.

आयोवाकर_आई
आम्ही डे मॉइनजवळ राहतो. वाटलं होतं अमेरिकेत तरी हा प्रश्न नसेल. लेक नववीत गेली तेव्हा शाळेनं मुलींची दुसरी टीम रद्द केली, पुरेशा मुलीच आल्या नाहीत. आणि हे आयोवात! इथे मुलींचं सहा-सहा जणींचं वेगळं बास्केटबॉल १९९३ पर्यंत चालायचं, अख्खं गाव मॅचला जायचं. शेजारच्या आजी अजून सांगतात, बोलता बोलता स्वयंपाकघरात पवित्रा घेऊन दाखवतात.

देशभरात शाळेत खेळणाऱ्या मुली २००५ च्या सुमारास साडेचार लाख होत्या, २०१८-१९ ला चार लाखांच्या खाली आल्या. बऱ्याच व्हॉलीबॉलकडे गेल्या, माझीही गेली. तिचं कारण साधं होतं. क्लबवाले दहाव्या वर्षापासून एकच खेळ बारा महिने खेळवतात. ज्यांच्या आईवडिलांना ते परवडतं त्या मुली नववीत इतक्या पुढे असतात, की बाकीच्या पहिल्या आठवड्यातच म्हणतात, आपलं काही खरं नाही. लेक त्या दिवशी गाडीत बसली आणि पट्टा लावेपर्यंत रडली नाही. मग रडली.

डेक्कनवाली
ताई, वाचून गलबललं. पुण्यातही तेच सुरू आहे. अकॅडमीत जाणारी सहा मुलं मिळून शाळेची टीम होते, बाकीच्यांनी बॉलला हातही लावलेला नसतो. शिरीन लिमये आमच्या पुण्याची, भारताची कर्णधार झाली, हे मी सोसायटीतल्या प्रत्येक मुलीला सांगते. एकीनं परवा विचारलं, "काकू, त्यांची मॅच टीव्हीवर कधी असते?" मला उत्तर देता आलं नाही.

डोम_२०१९
मी इथे सगळ्यात लहान असेन. ४ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या डोममध्ये पेसर्स-किंग्ज मॅच झाली, अमेरिकेच्या एनबीए लीगची भारतातली पहिली. प्रेक्षकांत बहुतेक आम्ही शाळेची पोरंच होतो. मॅच ओव्हरटाइमला गेली, १३२-१३१. घसा बसला होता. पुढच्या सोमवारी आमच्या प्रॅक्टिसला इतकी पोरं आली की सरांनी तीन गट केले.

मार्चमध्ये लॉकडाऊन. गेटला कुलूप लागलं. शाळा नीट सुरू झाली तोवर मी दहावी पार केली होती. आमच्याकडे सर नियम शिकवायचे, पण लेअपची, म्हणजे धावत जाऊन रिंगजवळून बॉल टाकायची पावलं दादा लोकच शिकवायचे. दहावीतला दादा सातवीतल्याचं मनगट धरून "एक, दोन, वर" म्हणायचा. मला ज्यानं शिकवलं त्याचा हात अजून आठवतो. मी कुणालाच शिकवलं नाही. माझ्यानंतरच्या दोन बॅचना दादाच मिळाले नाहीत.

खडू_आणि_शिट्टी
बाळा, हे तू अगदी नेमकं लिहिलंस. माझ्याकडे तेच झालं. २०२२ ला मी शून्यापासून सुरू केलं. मैदान तेच होतं, पण बघून शिकायला मोठं पोर एक नव्हतं. तू आता कुठे आहेस? रविवारी जुन्या शाळेत जाऊन बघ. सांगणारं कुणी असलं की पोरं येतात.

डोम_२०१९
ठाण्यात, इंजिनीअरिंगला. जातो सर. या रविवारी नाही, सबमिशन आहे. पुढच्या नक्की.

तर्री_पोहा
डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन केलेलं कुणी आहे का इथे? उडी मारून उतरताना कळ येते.

डेक्कनवाली
भाऊ, आधी फिजिओला दाखवा. मांडीचे स्नायू कमकुवत असतील तरी येते. तोवर उड्या बंद.

रिबाउंड_नागपूर
सगळ्यांचं वाचलं, दोनदा. आज मुख्याध्यापिका बाईंना भेटलो. रविवारी व्हॅन नसतात, तेव्हा ग्राउंड वापरा म्हणाल्या, फक्त फाटक लावून जा. जाळी आणि ६ नंबरचा एक बॉल मी घेतलाय. बोर्ड महिनाअखेरीस बदलू, सुताराशी बोललोय. नागपुरातलं कुणी येतंय का? सकाळी सात.

तर्री_पोहा
मी येतो. उडी मारणार नाही, रेषा मारीन. चुना आणू का ऑइल पेंट?

रिबाउंड_नागपूर
आधी चुना. शिडी आहे का तुझ्याकडे?

तर्री_पोहा
आठ फुटी आहे. पुरेल?

रिबाउंड_नागपूर
रिंग दहा फुटांवर. पुरते.