कधीच एकत्र न भरणारं ‘कॉलेज’ : इलेक्टरांना मराठीत काय म्हणायचं?

एका पुस्तिकेसाठी अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या दुसऱ्या अनुच्छेदाचा थोडा भाग मराठीत आणते आहे. सुरुवातीच्या काळात राष्ट्राध्यक्ष निवडणारे इलेक्टर कसे जमत, मत कसं देत, एवढाच भाग. पण पहिल्याच ओळीला अडले. ‘निर्वाचक मंडळाची बैठक होईल’ असं लिहिलं होतं. संपादकांनी समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहून परत पाठवलं : ‘कुठे?’

आठवडाभर तो शब्द डोक्यातून जात नाही, कारण मूळ मजकूर सांगतो की इलेक्टर आपापल्या राज्यात जमतील. एका जागी नाहीच. मग ‘मंडळ’ म्हणावं का? ‘निर्वाचकगण’? की सरळ ‘इलेक्टर’ ठेवावा? पुढे ‘बॅलट’ आणि ‘सीट ऑफ गव्हर्न्मेंट’ही वाट अडवून बसलेत. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

ताई, संपादकांनी नेमकं दुखणं पकडलंय. ‘इलेक्टोरल कॉलेज’ (ज्याचं आपण ‘निर्वाचक मंडळ’ केलं) हा शब्द अमेरिकेच्या घटनेत कुठेच नाही. तिथे फक्त ‘इलेक्टर्स’ आहेत. कॉलेज हा शब्द आधी लोकांच्या बोलण्यात रुळला आणि मग १८४५ च्या कायद्यात ‘कॉलेज ऑफ इलेक्टर्स’ अशा रूपात आला. तिथेही तो प्रत्येक राज्याच्या स्वतःच्या कॉलेजबद्दल आहे : एखादी जागा रिकामी राहिली तर राज्याने ती कशी भरावी, एवढ्यापुरता. म्हणजे कायद्याच्या भाषेत ही कॉलेजं अनेक होती, जितकी राज्यं तितकी. आपण मराठीत एकवचन केलं आणि तिथेच घोटाळा झाला.

कॉलेज म्हणजे इथे महाविद्यालय नव्हे, हे तुम्हाला सांगायला नको. लॅटिन ‘कोलेगियम’ म्हणजे एकाच कामावर नेमलेल्या सहकाऱ्यांचा समूह. पोप निवडणाऱ्या कार्डिनलांचंही कॉलेजच असतं. पण ते कार्डिनल एका दालनात कोंडून घेतात, आणि अमेरिकन इलेक्टरांना मुद्दाम लांब लांब ठेवलं होतं. घटना लिहिणाऱ्यांपैकी एक, अलेक्झांडर हॅमिल्टन, यांनी घटनेच्या बाजूने लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ लेखमालेच्या ६८व्या लेखात कारण दिलंय : विखुरलेले राहिले तर त्यांची माथी भडकवणं अवघड जाईल.

म्हणून माझं मत : व्यक्तीला ‘निर्वाचक’, आणि समूह सांगायचाच असेल तर ‘त्या त्या राज्याचे निर्वाचक’. ‘मंडळ’ वाचलं की डोळ्यासमोर लांब टेबल, अध्यक्षांची खुर्ची आणि इतिवृत्ताची वही येते.

प्रतिसाद

‘प्रतिनिधी’ का नको? सोपा आहे, शाळेतल्या मुलांनाही कळतो. मी नागरिकशास्त्र शिकवतो. ‘निर्वाचक’ म्हटलं की वर्ग गप्प होतो.

प्रतिसाद

सर, ‘प्रतिनिधी’वरच तर तिकडे भांडण झालं. १७९६ मध्ये पेनसिल्व्हेनियात सॅम्युअल माइल्स हे फेडरलिस्ट पक्षाच्या बाजूचे म्हणून इलेक्टर झाले. लोकांची अपेक्षा होती की ते जॉन ॲडम्सना मत देणार. त्यांनी दिलं थॉमस जेफरसनना. चिडलेल्या एका मतदाराने वर्तमानपत्रात लिहिलं की ॲडम्स की जेफरसन हे माझ्या वतीने ठरवायला मी माइल्सना निवडलंय का? नाही, मी त्यांना कृती करायला निवडलं, विचार करायला नाही.

त्या मतदाराच्या मनात ‘प्रतिनिधी’ हाच अर्थ होता, तोही फक्त निरोप पोचवणारा. घटना लिहिणाऱ्यांच्या मनात मात्र स्वतःच्या बुद्धीने निवड करणारा माणूस होता. सिनेटर, काँग्रेसचे सदस्य आणि केंद्र सरकारातले पदाधिकारी यांना इलेक्टर होता येणार नाही, ही अट त्याचसाठी. ‘निर्वाचक’मध्ये ‘निवडणारा’ हा अर्थ शिल्लक राहतो. ‘प्रतिनिधी’ घातला की माइल्सच्या गोष्टीतलं भांडण मिटूनच जातं. वर्गात हीच गोष्ट आधी सांगून बघा. मुलं शब्द विसरणार नाहीत.

आणि ‘निवडून आलेले निर्वाचक’ असं सरसकट लिहू नका. मूळ क्रियापद ‘अपॉइंट’ आहे : राज्याचं विधिमंडळ सांगेल त्या पद्धतीने राज्य त्यांची नेमणूक करील. १७८९ मध्ये पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडमध्ये लोकांनी मतदान केलं, तर कनेटिकट आणि जॉर्जियात विधिमंडळानेच माणसं ठरवली. न्यूयॉर्कमध्ये विधिमंडळाच्या दोन सभागृहांचं एकमत झालं नाही, आणि पहिल्या निवडणुकीत त्या राज्याचा एकही निर्वाचक नव्हता. नव्या सरकारचं ठाणं त्याच न्यूयॉर्क शहरात होतं, हे विसरू नका. तेव्हा ‘नेमलेले’ हाच शब्द खरा.

प्रतिसाद

‘बॅलट’बद्दल लिहितो. मूळ इटालियन शब्द छोट्या गोळीचा, म्हणजे मत देण्यासाठी टाकायच्या गोळीचा. अमेरिकेत इलेक्टरांच्या बाबतीत त्याचा अर्थ लेखी मत. ‘मतपत्रिका’ म्हटलं की आपल्याला छापील नावं आणि चिन्हांचा कागद आठवतो, तसा तो नव्हता. मला आधी ‘चिठ्ठी’ सुचली होती, पण ‘चिठ्ठ्या टाकणे’ म्हणजे मराठीत नशिबावर सोडणे. तो अर्थ इथे अजिबात चालणार नाही. ‘लेखी मत’ ठेवा.

एक गोष्ट मात्र जपून लिहा. १७८९ मधला निर्वाचक ‘राष्ट्राध्यक्षपदाला एक मत, उपाध्यक्षपदाला एक मत’ असं देत नसे. तो दोन माणसांची नावं लिही, आणि कोण कोणत्या पदासाठी हे सांगायची सोयच नव्हती. दोघांपैकी निदान एक जण त्याच्या स्वतःच्या राज्याचा रहिवासी नसावा, एवढीच अट. ‘पहिलं मत’, ‘दुसरं मत’ हे शब्दही नकोत, पसंतीक्रम वाटतो. ‘दोन व्यक्तींना मत देतील’ हेच बरोबर. १८०० मध्ये जेफरसन आणि ॲरन बर यांना सारखीच ७३ मतं पडली, ती यामुळेच. दोघे एकाच पक्षाचे, आणि त्या पक्षाच्या निर्वाचकांनी दोघांचीही नावं लिहिली होती. निकाल प्रतिनिधिगृहाकडे गेला, तिथे मतदानाच्या ३६ फेऱ्या झाल्या आणि १७ फेब्रुवारी १८०१ ला जेफरसन निवडले गेले. १८०४ च्या बाराव्या दुरुस्तीने दोन पदांची लेखी मतं वेगळी केली.

मूळ प्रश्न विचारणारी

मनापासून आभार. ‘लेखी मत’ आणि ‘नेमलेले’ घेतलेच. आता पुढचं : मत दिल्यावर इलेक्टर यादी करत, सह्या करत, मोहोर लावून ती ‘सीट ऑफ गव्हर्न्मेंट’ला सिनेटच्या प्रेसिडेंटच्या नावे पाठवत. ‘राजधानी’ लिहू का? आणि दोन-दोन ‘अध्यक्ष’ झाले त्याचं काय?

प्रतिसाद

ताई, या ओळीसाठी आपल्याकडे शब्दांची श्रीमंती आहे. मोहोर लावलेलं बंद पत्र म्हणजे ‘लखोटा’. ‘पाकीट’ म्हणू नका. आणि ‘राजधानी’ नको, कारण घटना लिहिली तेव्हा राजधानीचं गाव ठरलेलंच नव्हतं. सरकार १७८९ मध्ये न्यूयॉर्कला, पुढच्या वर्षी फिलाडेल्फियाला आणि १८०० मध्ये वॉशिंग्टनला. आपल्या जुन्या पत्रांत शोभेल असा शब्द आहे : ‘सरकारच्या मुक्कामी’. सिनेटच्या प्रेसिडेंटला ‘सभापती’ म्हणा. हे पद उपराष्ट्राध्यक्षांकडे असे. १७९७ मध्ये सभापती म्हणून लखोटे उघडले ते जॉन ॲडम्सनी, आणि ७१ विरुद्ध ६८ असा स्वतःच्याच विजयाचा निकाल वाचला. तिथे दोन्हीकडे ‘अध्यक्ष’ लिहिलंत तर वाचक हरवेल.

१ मार्च १७९२ चा कायदा जरूर वाचा. मला तो फार आवडतो, कारण त्यात चिखलाचे रस्ते दिसतात. सगळ्या राज्यांत निर्वाचकांनी डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी जमायचं. तीन प्रमाणपत्रं करायची. एक खास माणसाच्या हाती सभापतींकडे, दुसरं टपालाने त्यांनाच, तिसरं तिथल्या संघीय जिल्हा न्यायाधीशाकडे. जानेवारीच्या पहिल्या बुधवारपर्यंत एखाद्या राज्याची यादी आलीच नाही, तर परराष्ट्रमंत्र्याने त्या न्यायाधीशाकडे माणूस पाठवून तिसरी प्रत आणवायची. लखोटा नेणाऱ्याला नेहमीच्या रस्त्याने मैलामागे २५ सेंट मिळत, आणि काम अंगावर घेऊन कुचराई केली तर १००० डॉलर दंड. केंटकीहून फिलाडेल्फियाला ऐन थंडीत निघालेल्या माणसाच्या खोगीरपिशवीत एका राज्याची सगळी मतं!

या माणसाला काय म्हणाल? ‘दूत’ फार दरबारी, ‘पोस्टमन’ चुकीचा. माझा शब्द ‘जासूद’. त्याच काळात उत्तरेतून पुण्याला पत्रं आणणारे जासूदच होते. हल्ली हिंदीतल्या ‘जासूस’मुळे लोकांना तो हेर वाटतो. खरं तर पत्र घेऊन जाणारा, भरवशाचा माणूस.

प्रतिसाद

‘जासूद’ सुंदर आहे, पण शाळकरी वाचक हेरच समजणार. पुस्तिकेत ‘पत्रवाहक’ घ्या.

मूळ प्रश्न विचारणारी

‘जासूद’ सोडवत नाही, पण सरांचं खरं आहे. ‘पत्रवाहक’ घेते. आता मसुदा असा :

‘त्या त्या राज्याने नेमलेले निर्वाचक आपापल्या राज्यात जमतील आणि दोन व्यक्तींना लेखी मत देतील, त्यांपैकी निदान एक व्यक्ती त्यांच्या राज्याची रहिवासी नसेल. मत मिळालेल्या सर्वांची नावे व प्रत्येकाची मते यांची यादी ते करतील, तीवर सह्या करून ती प्रमाणित करतील, आणि मोहोरबंद लखोटा सिनेटच्या सभापतींच्या नावे सरकारच्या मुक्कामी पाठवतील.’

प्रतिसाद

‘पाठवतील’ऐवजी ‘रवाना करतील’ करा. ‘मुक्कामी’ला तेच शोभतं.