अनुभव हवेत: कॅलिफोर्नियाच्या थंड पाण्यातलं स्कूबा

मालवणी_वारा (धागाकर्ता)
लोकहो, कॅलिफोर्नियात डायव्हिंग करणारे किंवा करून आलेले इथे कोण कोण आहेत, हात वर करा. माझं सगळं शिक्षण उबदार पाण्यातलं. तारकर्लीला सुरुवात, मग ओपन वॉटर सर्टिफिकेट, मग कर्नाटकातलं नेत्राणी बेट. 27-28 डिग्रीच्या पाण्यात पातळ सूट घालून हुंदडायची सवय. आता कामासाठी सॅन होजेला वर्षभर मुक्काम आहे आणि कलीग रोज मागे लागलेत की मॉन्टेरी दीड तासावर आहे, चल. नेटवर माहिती ढीगभर आहे पण ती एक तर विकणाऱ्यांची नाहीतर जन्मभर तिथेच बुड्या मारणाऱ्यांची. मला आपल्या लोकांचं ऐकायचंय. पाणी कसं असतं, काय दिसतं, कुठला महिना धरावा, आणि खरं सांगा, एवढ्या थंडीत मजा येते का? वाईट अनुभवही लिहा, बिनधास्त.

सॅनहोजेकर
वेलकम! आधी थंडीचं बोलून घेऊ म्हणजे तो विषय मिटेल. मॉन्टेरीत पाणी वर्षभर साधारण 10 ते 15 डिग्री. उन्हाळा आला की गरम होईल असं काही नाही, उलट एप्रिल-मेमध्ये सगळ्यात गार लागतं. त्या दिवसांत वायव्येकडून जोराचा वारा सुटतो, किनाऱ्याला समांतर, आणि पृथ्वी फिरते त्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब आत ढकललं जातं, मग त्याची जागा घ्यायला खोलातलं थंडगार पाणी वर येतं. त्यात पोषण भरपूर, वरून ऊन, की प्लँक्टन माजलंच. पाणी हिरवंगार. म्हणजे तिथलं सगळं जग ज्याच्यावर पोसलेलं आहे त्याच्यामुळेच ते तुला दिसत नाही. मे महिन्यात मला बडीच्या (डाइव्हमधला जोडीदार) पिवळ्या फिन्सखेरीज काहीही दिसलेलं नाही असे डाइव्ह झालेत. सप्टेंबर ते नोव्हेंबर वारा पडतो, तेव्हा 10-15 मीटर व्हिज (पाण्यात जेवढं लांबचं दिसतं ते) मिळू शकतं. हिवाळ्यात पॅसिफिकमधली वादळं मोठे स्वेल (लांबून येणाऱ्या लाटा) पाठवतात, पण दोन वादळांच्या मध्ये एखादा शांत रविवार सापडला तर त्यासारखं सुख नाही.

सामान: 7 मिलीमीटरचा वेटसूट, हूड, ग्लोव्ह्ज, जाड बूट. एवढं निओप्रीन तरंगतं म्हणून कमरेला शिसं पण तेवढंच, तारकर्लीच्या हिशोबाने जाऊ नकोस, बुडणारच नाहीस. आमच्यातले बरेच जण शेवटी ड्रायसूटवर (ज्यात अंग कोरडं राहतं) जातात. मी अजून वेटसूटवाला, तोंड पाण्यात घातल्यावर पहिलं मिनिटभर कपाळ ठणकतं, मग शरीर गप्प बसतं.

पहिला डाइव्ह ब्रेकवॉटरलाच कर, सॅन कार्लोस बीच. पार्किंग जवळ, पाण्यात शिरायला सोपं, क्लास पण तिथेच चालतात. दगडी धक्क्यावर सी लायन्सचा अखंड कलकलाट असतो (आणि वास!). जरा सराव झाला की तळाचा जुना पाइप धरून पुढे जायचं, तिथे पांढरे मेट्रिडियम ॲनिमोन (फुलासारखे दिसणारे समुद्री प्राणी) आहेत, गुडघ्याएवढे, अख्खं शेत. हे बघितल्यावर मी थंडीबद्दल तक्रार करणं कमी केलं. बंद नाही, कमी.

आळशी_मासा
मी तर सरळ सांगतो, मला नाही झेपलं. माझी बोट ट्रिप होती, धुकं, स्वेल, बोट हेलकावतेय, अर्धे लोक कठड्याला लटकलेले, त्यात तो घट्ट हूड गळ्याशी आवळलेला. खाली गेलो तर व्हिज 3 मीटर. अंदमान बघितलेल्या माणसाने पैसे का घालवावेत कळत नाही. ज्याला रंगीत कोरल हवंय त्याने हवाईचं तिकीट काढावं. धाग्यात सगळे गोडच लिहितील म्हणून हे मुद्दाम.

कोल्हापुरी_पाणबुडा
@आळशी_मासा कोरल बघायला इथे यायचंच नाही ना राव, इथे यायचं केल्पसाठी!

जायंट केल्प म्हणजे तळाला दगड पकडून बसलेलं शेवाळ, पण वाढतं कसं, सगळं जुळून आलं तर दिवसाला दीड-दोन फूट. प्रत्येक पानाच्या बुडाशी हवेचा फुगा, त्याच्या जोरावर 20-30 मीटर उभं राहतं आणि वर पोचलं की पाण्यावर आडवं पसरतं. पहिल्यांदा त्याच्यात शिरलो तेव्हा वाटलं आपण फुल वाढलेल्या उसाच्या फडात आलोय, फक्त फड पाण्यात आणि सगळा एका लयीत डुलतोय. वरून उन्हाच्या तिरक्या रेघा, मधून निळ्या रॉकफिशचा थवा, फांदीवर गोगलगायी. मी पोहायचं थांबून नुसता लटकून राहिलो होतो, बडीने दोनदा ओके का म्हणून विचारलं.

पण त्याचे नियम पाळायचे. वर पसरलेल्या केल्पखाली हवा संपवत बसायचं नाही, परतीसाठी भरपूर राखून ठेवायची, म्हणजे खालूनच मोकळ्या पाण्यापर्यंत जाता येतं. वर आलोच तर केल्प क्रॉल, म्हणजे पालथं पडून हाताने केल्प खाली दाबत पुढे सरकायचं, लाथा मारायच्या नाहीत. अडकलात तर गोल फिरायचं नाही, गुंता वाढतो. थांबा, बडीला बोलवा, देठ वाकवून कट्‌कन मोडतो, ओढून तुटत नाही. लहान कटर जवळ असू द्या, गुडघ्याला बांधलेला तलवारीएवढा सुरा नको, तोच आधी अडकतो.

निळीशाई
पॉइंट लोबोसचं कोणी लिहिलं नाही अजून! कार्मेलच्या दक्षिणेला राखीव क्षेत्र आहे, डाइव्हला आधी बुकिंग करावं लागतं, सर्टिफिकेट दाखवावं लागतं, रोज मोजक्याच जोड्यांना सोडतात आणि व्हेलर्स आणि ब्लूफिश अशा दोनच कोव्हमधून. आतून शंखसुद्धा उचलायचा नाही. त्याचा परिणाम दिसतो हो, लिंगकॉड मासा असा निवांत दगडावर पसरलेला असतो की आपणच वळसा घालून जायचं. फटीत वुल्फ ईल (सापासारखा लांब मासा) बघितलाय मी, चेहरा रागीट म्हाताऱ्याचा आणि स्वभाव एकदम गरीब.

तिथून जवळच मोनॅस्ट्री बीच आहे, त्याच्याबद्दल मात्र सांगून ठेवते. रस्त्यावरून इतका सुंदर दिसतो की गाडी थांबवावीशी वाटते. पण किनारा तीव्र उताराचा, वाळू जाड आणि सैल, पाय रुततो, कार्मेल कॅन्यनचं (समुद्रातली खोल दरी) तोंड अगदी काठाशी आल्यामुळे लाट मंदावायला उथळ पाणीच नाही, ती थेट पायाशी फुटते. तिथले लोक त्याला मॉर्च्युअरी बीच म्हणतात, चेष्टेने नाही. बरेच जीव गेलेत, डायव्हर नसलेलेही. मालवणी_वारा, पहिल्या वर्षात तिथे जायचंच नाही, कलीग किती का आग्रह करेनात.

सॅनहोजेकर
+१००. आणि कुठल्याही बीचवर पाण्यात शिरण्याआधी दहा मिनिटं उभं राहून लाटा बघायच्या. मोठ्या लाटा झुंडीने येतात. बेत रद्द करून चावडर सूप खाऊन घरी येणं हाही मॉन्टेरीचा डाइव्हच.

समुद्रवेडी_सॅनडिएगो
उत्तरवाल्यांनी घाबरवून ठेवलंय त्याला. मालवणी_वारा, दक्षिणेला ये रे! पॉइंट कन्सेप्शनच्या खाली किनारा पूर्वेकडे वळतो आणि उत्तरेचा थंड प्रवाह बाहेरून निघून जातो, त्यामुळे आमच्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वरचं पाणी 20-21 पर्यंत जातं. खाली थर्मोक्लाइन (जिथे पाणी अचानक थंड होतं तो थर) असतो, 12-15 मीटरला एकदम कोणीतरी फ्रीजचं दार उघडल्याचा भास होतो, तेवढं सोस.

ला होया शोअर्सला त्याच महिन्यांत लेपर्ड शार्क येतात, अगदी कमरेएवढ्या पाण्यात, बहुतेक सगळ्या गाभण माद्या, उथळ कोमट पाण्यासाठी जमतात. आपल्या मुशीच्या कुळातल्या, दीड मीटरपर्यंत, आणि आपल्यापेक्षा त्याच जास्त घाबरतात. स्नॉर्कल पुरतो. फक्त पाण्यात शिरताना पाय उचलून टाकायचा नाही, वाळूत घासत न्यायचा, पाकटं पुरून बसलेली असतात आणि शेपटीचा काटा लागला तर दिवस गेला.

कॅटलिना बेट तर चुकवूच नको. लाँग बीचहून फेरी, तासाभरात ॲव्हलॉन, कसिनो पॉइंटला पायऱ्या उतरून थेट पाण्यात, वाळू नाही, लाट फुटणं नाही, टाक्या तिथेच भरून मिळतात. उतरल्या उतरल्या गॅरिबाल्डी स्वागताला. भगवा जर्द मासा, 1995 पासून राज्याचा अधिकृत सागरी मासा. नर लाल शेवाळाचं घरटं राखतो आणि जवळ गेलात तर थेट मास्कवर धावून येतो, हातभर नसेल पण तोरा बघा. शीपहेड हा आणखी एक नमुना, सगळे जन्माला मादी म्हणून येतात आणि मोठे झाल्यावर काही नर होतात, रंगासकट. दगडात शेवंड मिशा बाहेर काढून बसलेली असतात (हात लावू नका, ते राखीव पाणी आहे, बाहेर पण सीझन आणि लायसन्स लागतं).

आणि जायंट सी बास! दोन मीटरपर्यंत वाढणारा, दोनशे किलोच्या वरचा. मासेमारीने जवळपास संपवला होता, 1982 पासून संरक्षण आहे, आता उन्हाळ्यात केल्पच्या कडेला पुन्हा दिसायला लागलेत. माझ्या बाजूला एक आला तेव्हा आधी मला वाटलं ढग आला, पाणी काळं झालं. त्याने एक डोळा फिरवून बघितलं आणि निघून गेला. मी वर येऊन इतकी बडबड केली की बडीने मास्कच काढला नाही.

काकूबाई_बे_एरिया
मी डायव्हर नाही, नवरा आणि लेक पाण्यात जातात, माझं काम थर्मास सांभाळणं. पण इथे लिहिते कारण काठावरून पण खूप बघायला मिळतं. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना ब्रेकवॉटरला घेऊन गेलो, त्या बाकावर शाल पांघरून बसल्या आणि समोर सी ऑटर पाठीवर तरंगत, पोटावर दगड ठेवून त्यावर शिंपला आपटतोय, टक् टक् आवाज काठापर्यंत. तासभर हलल्या नाहीत. "जेवल्यावर अंग पण घासतोय बघ," म्हणाल्या. ते खरंच तसं करतात, त्यांना चरबीचा थर नसतो, थंडीपासून वाचवायला फक्त फर, ती सतत स्वच्छ ठेवावी लागते. फरसाठीच मारून मारून संपवले होते, 1938 साली बिग सरच्या किनाऱ्याला पन्नासेक उरलेले लोकांच्या नजरेस पडले, आताचे सगळे त्यांचेच वंशज.

ज्यांना भिजायचं नाही त्यांनी मॉन्टेरी बे ॲक्वेरियम बघा. तिथे खऱ्या केल्पची जवळपास तीन मजली टाकी आहे, लेकीच्या डोक्यात हे डायव्हिंगचं खूळ तिथूनच शिरलं.

अरबट_चरबट
सगळं वाचलं, छान, पण सोनोमा-मेंडोसिनोचं (उत्तर किनारा) कोणी लिहिलेलं नाही म्हणून मी लिहितो, जरा लांबेल.

मी आधी तिथे अबलोनीसाठी (खायची मोठी समुद्री गोगलगाय) जायचो. टाकी लावून काढायला बंदी, श्वास रोखून बुडी मारायची. तेव्हा वर बुल केल्प (केल्पचाच दुसरा प्रकार) इतकं दाट असायचं की बोटीच्या पंख्यात अडकायचं. 2013 पासून सी स्टारना (तारामासे) रोग लागला, हात गळून पडायचे, अक्षरशः विरघळायचे. त्यातला सनफ्लॉवर स्टार, वीसेक हातांचा, मीटरभर रुंद, तो तिथून जवळजवळ नाहीसा झाला. तो अर्चिन खायचा, म्हणजे केल्प फस्त करणारे काटेरी गोळ्यासारखे प्राणी. पाठोपाठ 2014 ते 16 समुद्र तापला, केल्पला थंड पाणीच लागतं, ते खंगलं. जांभळ्या अर्चिनना रान मोकळं. उत्तर किनाऱ्यावरचं 90 टक्क्यांहून जास्त बुल केल्प गेलं. नंतर मी खाली गेलो तर जिथे पूर्वी तळ दिसत नव्हता तिथे नुसता उघडा दगड आणि त्यावर काट्यांची जांभळी सतरंजी, अबलोनी उपाशी मेलेल्या, शिंपले रिकामे. 2018 पासून अबलोनी काढणं बंद आहे, आणि बंद केलं ते बरोबरच केलं. अर्चिन मात्र उपाशी पण वर्षानुवर्षं जगतात, फोडले तर आत काही नाही, म्हणून विकतही कोण घेत नाही.

मॉन्टेरीत ऑटर आहेत म्हणून तिथे तुकड्या-तुकड्याने केल्प टिकलं, पण ऑटर तरी पोकळ अर्चिन कशाला खाईल, तो केल्पमधले भरलेलेच निवडतो. 2021 मध्ये तिथल्या टँकर्स रीफवर हौशी डायव्हर्सना हातोड्याने अर्चिन फोडायची परवानगी मिळाली होती. मीही गेलो. डाइव्हभर ठोकाठोकी करून वर आलो तेव्हा मनगट दुखत होतं आणि समोर अजून तेवढेच. तरी ज्या जागी लोकांनी चिकाटीने साफ केलं तिथे केल्पचे कोंब बघितलेत. 2025 मध्ये त्या सी स्टारच्या रोगाचा जंतू पण सापडला, व्हिब्रिओ जातीचा, आणि प्रयोगशाळेत सनफ्लॉवर स्टार वाढवणं चालू आहे. म्हणून आळशी_मासा, व्हिज 3 मीटर होती म्हणतोस ना, त्या 3 मीटरमध्ये केल्प होतं की नव्हतं ते सांग मला.

आळशी_मासा
होतं बाबा. बरंच होतं. एक सील पण होता, फिन चावून गेला. ते लिहायचं राहिलं.

कोल्हापुरी_पाणबुडा
हार्बर सील!! आणि हे तू लिहायचं विसरलास??

मालवणी_वारा
बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. अरबट_चरबट, तुमचं दोनदा वाचलं. आता ऑक्टोबरचं पक्कं करतोय, आधी ब्रेकवॉटर, जमलं तर चॅनल आयलंड्सची रात्रीची मुक्कामी बोट. मुक्कामी बोटींबद्दल कोणी सांगेल का?

निळीशाई
जा, ॲनाकापा आणि सांता क्रूझ बेटांभोवती पाणी सुंदर आहे. पण 2 सप्टेंबर 2019 ची कन्सेप्शन बोटीची आग विसरायची नाही. सांता क्रूझजवळ नांगरलेली, पहाटे आग लागली, खालच्या डेकवर झोपलेल्यांना बाहेर पडता आलं नाही, 34 लोक गेले. रात्री गस्त घालणारं कोणी जागं नव्हतं हे चौकशीत निघालं. त्यामुळे बोटीवर चढल्यावर तोंड उघडून विचारायचं: रात्री पहारा कोणाचा, बंकरूममधून दुसरी वाट कुठली, आणि ती वाट स्वतः एकदा चढून बघायची. बॅटऱ्यांचं चार्जिंग झोपायच्या जागी करू देत असतील तर दुसरी बोट बघ. लाजायचं नाही, चांगला क्रू आपणहून दाखवतो.

सॅनहोजेकर
आणि मुक्कामी बोटीच्या आधी ब्रेकवॉटरला दोन-तीन रविवार काढ, 7 मिलीमीटर आणि एवढं शिसं घेऊन तरंगणं सेट करायला वेळ लागतो. माझा जुना हूड आहे, लार्ज, चालत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

मालवणी_वारा
डोकं एक्स्ट्रा लार्ज आहे पण व्यनि केलाय.