मदत हवी आहे: आईच्या एकाच पावलाची कमान बसली आहे, बूट न घालता आधार कसा द्यावा?

आई ५६ वर्षांची, पोळीभाजी केंद्रात दिवसभर ओट्याशी उभी. डाव्या पावलाची कमान वर्षभरात बसत गेली. उजवं पाऊल ठीक, म्हणजे जन्मापासूनचे सपाट पाय नव्हेत. दुखतं घोट्याच्या आतल्या हाडाच्या मागे-खाली, सूजही तिथेच. मागून पाहिलं की टाच बाहेर कललेली दिसते, आणि डाव्या पायावर एकट्याने उभं राहून टाच उचलता येत नाही.

उभं राहून काढलेल्या एक्स-रेत सांधे झिजलेले नाहीत. डॉक्टरांच्या मते कमान धरून ठेवणारा पोस्टिरिअर टिबिअल टेंडन (पोटरीच्या स्नायूला पावलाच्या हाडांशी जोडणारा दोर) सैल पडलाय. पाऊल अजून लवचिक आहे, ऑपरेशन नको. मेडिकलमधले सिलिकॉनचे इनसोल लगेच चपटे झाले. टॉवेल बोटांनी गोळा करायचा व्यायाम चालू आहे, फरक शून्य.

मधुमेह आहे (पायाची संवेदना शाबूत), त्यामुळे दुखण्याच्या गोळ्या फार दिवस नकोत. ओट्याखाली सतत पाणी सांडतं, बूट शक्य नाहीत.

अशा अवस्थेत मापाने बनवलेला इनसोल पुरतो की घोट्याला धरणारा ब्रेसच लागतो? आणि मागे पट्टा असलेल्या, पाण्यात चालणाऱ्या सँडलमध्ये असा इनसोल किंवा ब्रेस कुणी बसवून घेतलाय का?